एफ२ दाबण्याआधी

चि. सोनूस,


लिनक्स बसवायला पेनड्राइव्ह लावला तरी लॅपटॉप त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, एफ२ दाबदाबून बोट दुखतं आणि समोर येतं ते पुन्हा विंडोजच, असं तू कळवलंस. कॉलेजातल्या मित्रांनी उपायही सांगून ठेवलाय: एकदा आत शिरलीस की सिक्युअर बूट बंद, टीपीएम बंद, दिसेल ते बंद. हा सल्ला मुळीच ऐकू नकोस. चार-पाच निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कारणांनी घातलेल्या अटी त्या यंत्रात एकावर एक बसलेल्या असतात. कोणती अट कुणाची हे कळलं, की बहुतेकींना हात लावायची वेळच येत नाही.

एफ२चंच घे. २०१२मध्ये विंडोज ८ यायच्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी सांगून टाकलं होतं, की झटपट सुरू होणाऱ्या नव्या यंत्रांवर कळ दाबायला २०० मिलिसेकंदांहूनही कमी अवधी उरतो. सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. ‘रीस्टार्ट’ तेवढा खरा. तेव्हा कळीशी झुंजू नकोस. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक कर. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ सापडेल. बोट न दुखवता आत. (फर्मवेअर म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा यंत्राचा मूळ प्रोग्रॅम, बोलीत बायोस.) फास्ट स्टार्टअप मात्र विंडोजमधून खुशाल बंद कर, कारण अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिहायला लिनक्स नकार देतं, आणि योग्यच करतं.

कळा कंपनीगणिक बदलतात. डेलमध्ये सेटिंगांसाठी एफ२ आणि बूट मेनूसाठी एफ१२. एचपीत आधी एस्केप, मग एफ१० किंवा एफ९. थिंकपॅडला एफ१ आणि एफ१२. लेनोव्होच्या आयडियापॅडच्या बऱ्याच मॉडेलांना कडेला टाचणी जाईल एवढं छिद्र असतं, आत नोव्हो नावाचं बटण. यंत्र बंद असताना ते दाबलं की मेनू उघडतो. एसरच्या अनेक लॅपटॉपांत एफ१२चा बूट मेनू कारखान्यातूनच बंद करून येतो, तो एफ२ने आत जाऊन चालू करावा लागतो. असं का, ते एसरलाच ठाऊक.

आत काहीही बदलण्याआधी एक काम. तुझी डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कूटबद्ध आहे का, ते पाहा. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे बहुधा आपोआप झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. किल्ली टीपीएम चिपपाशी असते आणि ही चिप फर्मवेअरची स्थिती ताडून बघते. सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं की ती किल्ली द्यायचं थांबवते आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती खात्याच्या पानावर मिळते. आधीच कागदावर उतरवून ठेव. मित्रांच्या सल्ल्याने जाणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच.

आता सिक्युअर बूट, म्हणजे सगळ्यांत बदनाम गडी. विंडोज ८बरोबर ते आलं तेव्हा लिनक्सवाल्यांत घबराट होती: फर्मवेअर फक्त सही असलेलाच बूटलोडर चालू देणार आणि सहीची किल्ली मायक्रोसॉफ्टची, मग आपलं काय? रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेटने २०१२मध्ये तोड काढली. ‘शिम’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम. त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि तो पुढे त्या-त्या लिनक्स वितरणाच्या स्वतःच्या किल्लीने बाकीच्यांची तपासणी करतो. शिवाय मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे, अशी अट विंडोज ८च्या प्रमाणीकरणात इंटेल-एएमडी यंत्रांसाठी होती. एआरएमवरच्या यंत्रांना नेमकी उलटी: बंद करताच येऊ नये. विंडोज १०पासून ही मुभा ठेवायची की नाही, हे कंपन्यांवर सोडलं गेलं.

शिममुळे उबुंटू, फेडोरा, ओपनसूसा आणि २०१९च्या आवृत्ती १०पासून डेबियनही सिक्युअर बूट चालू ठेवून बसवता येतं. तुला उबुंटूच हवंय, तर ते बंद करायचं कारण उरत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकलास तर एक पासवर्ड ठरवायला सांगतील आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर तोच विचारतील. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडायचं. घाबरून पुढे गेलीस तर ड्रायव्हर चालणार नाही, एवढंच. २०२२पासून काही थिंकपॅडांत मात्र मायक्रोसॉफ्टचं ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्र मुळातच बंद असतं, मग शिमही अडतो. तेवढाच एक पर्याय चालू कर, बाकी सिक्युअर बूट जागच्या जागी राहू दे. एसरमध्ये हे पर्याय करडे दिसतात आणि सुपरवायझर पासवर्ड ठेवल्यावरच हलतात. तो पासवर्ड विसरलीस तर सर्व्हिस सेंटरची वारी ठरलेली.

एवढं करून इन्स्टॉलर उघडतो आणि म्हणतो, डिस्कच नाही! ही अट इंटेलची. आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धतीत डिस्क इंटेलच्या कंट्रोलरमागे जाते आणि काही इन्स्टॉलरांना ती दिसत नाही. २०१६मध्ये लेनोव्होच्या योगा ९००च्या एका मॉडेलवरून यावर मोठा गदारोळ झाला होता. डिस्क इंटेलच्या ‘रेड’ पद्धतीत पक्की, साध्या एएचसीआय पद्धतीचा पर्याय मेनूतून काढलेला. लिनक्स मुद्दाम अडवलंय असा आरोप झाला, कंपनीने तो नाकारला आणि शेवटी लिनक्सवाल्यांसाठी वेगळं बायोस काढलं. वाईट हेतूपेक्षा बेफिकिरीच त्यात जास्त दिसते. एसरच्या काही मॉडेलांत व्हीएमडीचा पर्याय लपवलेला असतो. ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की उगवतो. पण विंडोज ठेवायचं असेल तर ही पद्धत थेट बदलू नकोस, ते सुरूच होणार नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग फर्मवेअरमध्ये बदल, मग सेफ मोड काढून टाकायचा. क्रम चुकवायचा नाही.

लिनक्स बसूनही विंडोजच उघडत असेल तर फर्मवेअर लिहिणाऱ्याची करामत समज. लेनोव्होच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपमध्ये २०१२ साली गॅरेटला एक नमुना सापडला: बूट नोंदीचं नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’ असेल तरच ते यंत्र डिस्कवरून सुरू व्हायचं. फेडोरा नाव दिसलं की नाही म्हणायचं. कुणीतरी नावांची यादी तपासून बघायची ओळ लिहिली होती, बस्स. तुझ्या लॅपटॉपवर बूट क्रमात ‘उबुंटू’ वर सरकवलं की बहुधा भागेल.

कडक इशारा एकाच बाबतीत. फर्मवेअर खरोखर मरू शकतं. जानेवारी २०१३मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआयतून लिनक्स सुरू करताच कायमचे गेले. खापर आधी लिनक्सच्या ड्रायव्हरवर फुटलं. मग गॅरेटने दाखवलं, की विंडोजमधून फर्मवेअरच्या साठ्यात भरमसाट नोंदी लिहिल्या तरी तेच होतं. दोष सॅमसंगच्या फर्मवेअरचाच. डिसेंबर २०१७मध्ये उलटं झालं: उबुंटू १७.१०मधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरने काही लेनोव्हो लॅपटॉपांचं बायोस असं बिघडवलं, की सेटिंगं जतनच होईनात. उबुंटूने डाउनलोड मागे घेतलं आणि दुरुस्त प्रत जानेवारीत दिली. म्हणून विंडोज जागेवर असतानाच कंपनीचं ताजं बायोस टाकून घे, चार्जर लावलेला ठेवून. त्याला आणखी एक कारण आहे: ज्या प्रमाणपत्राने शिमवर सही होत आली ते २०११चं, त्याची मुदत जून २०२६पर्यंतची. त्याच्या जागी येणारं २०२३चं प्रमाणपत्र अपडेटांतूनच पोचतं.

एक वेळी एकच सेटिंग बदल आणि आधीच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढ.

तुझी मैत्रीण पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना लॅपटॉप बघणार आहे म्हणालीस. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे लिनक्सवर छान चालतील अशी यंत्रं बाजारात बरीच येतात. त्यांतली अनेक कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली, आणि काहींवर तिथल्या आयटी विभागाचा सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला. आतली छोटी बॅटरी काढून तो पुसता येतो, असं दुकानदार सांगेल. अलीकडच्या थिंकपॅडांत किंवा डेल लॅटिट्यूडमध्ये तसं होत नाही. तिला सांग, पैसे देण्याआधी दुकानातच फर्मवेअर उघडायचं, एखादं सेटिंग बदलून जतन करून बघायचं, आणि पासवर्ड मागितला तर लॅपटॉप तिथेच ठेवून निघायचं.

तुझी,
आत्या