शांततेची आतषबाजी : चित्र कसं वाचायचं?

फटाके म्हटलं की आपल्याला दिवाळी आठवते, नाहीतर जिंकलेली मॅच! युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात तह झाला की मोठी आतषबाजी व्हायची आणि तिची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जायची. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही युद्धांच्या सनावळ्या पाठ केल्या, पण ही चित्रं कुणी शिकवली नाहीत. म्हणून हा छोटासा धडा.

आधी सोपं उदाहरण. तीस वर्षांच्या युद्धानंतर १६५० साली न्यूरेंबर्गला सेनापती पिकोलोमिनीने आतषबाजी केली. तिच्यात चक्क 'कलहाचा किल्ला' उभारून जाळला. म्हणजे शत्रूला नाही, भांडणालाच आग लावली.

आता लंडन. ऑस्ट्रियाचं वारसायुद्ध १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहाने संपलं. २७ एप्रिल १७४९ ला ग्रीन पार्कमध्ये आतषबाजी झाली, संगीत हँडेलचं. त्यासाठी सर्व्हांडोनीने ४१० फूट लांब, ११४ फूट उंच मंदिर उभारलं. त्यात हे बघा :

१) शांतीदेवी. तिच्या एका बाजूला समुद्रदेव नेपच्यून, दुसरीकडे युद्धदेव मार्स. थोडक्यात, आमची शांती आरमार आणि सैन्याच्या जोरावर उभी आहे!

२) राजा दुसरा जॉर्ज ब्रिटानियाला शांती देतोय. तह अनेक देशांचा, श्रेय मात्र एकट्या राजाला.

३) मंदिर दगडी वाटतं, पण होतं लाकडाचं आणि कापडाचं. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.

पत्रा कोरायला वेळ लागतो. त्यामुळे बरीच चित्रं कार्यक्रमाच्या आधीच, आराखड्यावरून तयार झाली. प्रॅक्टिकलच्या आधीच जर्नलमध्ये रीडिंग लिहावीत ना, अगदी तसंच! त्यांत सगळं झकास उडताना दिसतं. प्रत्यक्षात पाऊस आला आणि मंदिराचा एक भाग पेटला.

आपल्याशी याचा संबंध काय? फ्रेंचांनी १७४६ मध्ये घेतलेलं मद्रास याच तहात इंग्रजांना परत मिळालं. बदल्यात उत्तर अमेरिकेतला लुईबर्ग किल्ला फ्रेंचांना गेला. मद्रासच्या लोकांना कोण विचारतंय? शिवाय लंडनमध्ये शांततेचे बाण उडाले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इकडे अंबूरला लढाई झाली आणि त्यात फ्रेंच सैन्य होतं. युरोपात १७५६ ला पुन्हा मोठं युद्ध पेटलंच.

तेव्हा असं चित्र दिसलं की तीन प्रश्न सोडवा : छापलं कधी, पैसा कुणाचा आणि चित्राबाहेर कोण राहिलं? माझ्या मते तिसऱ्याला सर्वांत जास्त मार्क आहेत.