आधी आईचं बस्तान बसू दे

अगं बयो, तुझा व्हिडिओ पाहिला. शिंगरू गोड आहे, वादच नाही. नुसते पायच पाय! पण खाली तू लिहिलंयस ना, 'रविवारी सगळ्यांमध्ये सोडतेय', ते वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. रविवारी सोडू नकोस.

तू म्हणशील, रानातल्या घोड्यांची पिल्लं कळपातच जन्मतात, मग एवढं काय? जन्मतात ना. पण तिथे आई त्याच कळपात मुरलेली असते आणि कुणी अंगावर आलं तर पळायला मोकळं रान असतं. तुझ्याकडे कोण कोण आहे ते बघ. दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याहून आणलेली गाभण मारवाडी घोडी. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला तो उंच गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा. म्हातारी घोडी काशी. माथेरानचा खडूस तट्टू. आणि कुणीतरी तुझ्या गळ्यात मारलेलं गाढव. घोडी गाभण म्हणून तू तिला आल्यापासून वेगळं ठेवलंस, ते चांगलंच केलंस. पण त्यामुळे या मंडळींत तिची जागा अजून ठरलेलीच नाही. कुणाला वाट द्यायची, पाण्यावर आधी कोण जाणार, हे सगळं व्हायचंय. ते ठरताना चावाचावी, लाथाळी होणार, आणि त्या लाथांच्या उंचीवर नेमकं शिंगराचं डोकं असतं.

म्हणून सांगते, शिंगराची ओळख करून देणं वगैरे डोक्यातून काढ. ओळख आईची करून द्यायची. तिचं बस्तान बसलं की पोर तिच्या कुशीला चिकटून आपोआप आत येतं.

आज दहावा-अकरावा दिवस असेल ना? घोडी व्याल्यानंतर साधारण आठवडा ते बारा दिवसांत पुन्हा माजावर येते. या दिवसांत खच्ची केलेले घोडेसुद्धा तिच्याभोवती घुटमळतात, मालकी गाजवतात, आणि मध्ये येणारं पोर त्यांना अडचण वाटतं. त्याच सुमाराला शिंगराला पातळ हगवण लागते. ती बहुधा आपली आपण थांबते. ताप आला किंवा दूध पिणं मंदावलं तर मात्र सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. मला विचारशील तर तीन आठवडे पुरे होईपर्यंत सगळ्यांत सोडण्याचा विषयच नको. तोवर मायलेकरांना शेजारच्या वाड्यात ठेव, मध्ये पक्कं कुंपण असू दे, आणि बाकीच्यांना पलीकडून हुंगू दे, बघू दे. त्या बघण्यातच अर्धं काम होऊन जातं. बाळंतिणीच्या खोलीत पाहुण्यांची गर्दी आपण करत नाही, तसंच आहे हे.

आता कुंपण. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते शिंगरांना इतर घोड्यांपासून असतो त्याहून कुंपणापासून जास्त धोका असतो. घाबरलेलं शिंगरू समोर बघत नाही, आईच्या मागे सुसाट सुटतं. बारीक तार त्याला दिसत नाही. तुझ्या उत्तरेच्या बांधावर काटेरी तार आहे, ती आधी काढ. काढणं जमणारच नसेल तर आतून लाकडी बल्ल्यांची दुसरी रांग लाव. झटका मशीनची तार दिसावी म्हणून तिला जुन्या लुगड्यांच्या पांढऱ्या पट्ट्या बांध, हात-हात अंतरावर. खालची फट बघ. शिंगरू कुंपणाला लागून झोपतं, झोपेत कूस बदलतं आणि पलीकडे जातं. मग आई अलीकडे, पोर पलीकडे, आणि मध्ये तो तट्टू. काटकोनातले कोपरे बल्ल्या लावून गोलसर करून घे, म्हणजे पाठलाग झाला तरी कुणी कोंडीत सापडणार नाही. आणि मोठ्या रानातली ती विहीर! कठडा बांधून झाल्याशिवाय त्या रानात शिंगरू सोडायचं नाही, एवढं माझं ऐक.

कुंपण झालं की आधी दोघांनाच मोठ्या रानात ने. आईला मोरकी घालून कडेकडेने सगळी हद्द फिरव, पोर मागोमाग येईलच. असं काही दिवस कर. पाणी कुठे, फाटक कुठे, वाट कुठे संपते, हे त्यांच्या पायांना माहीत झालं पाहिजे.

मग एकेक. आधी काशी. म्हाताऱ्या, शांत आणि मान असलेल्या घोडीसोबत आईचं जमलं की पुढचं निम्मं सोपं. त्या दोघी शेजारी उभ्या राहून एकमेकींच्या मानेवर दातांनी खाजवायला लागल्या की समज, जमलं. मग तट्टू. गेल्डिंग सगळ्यांत शेवटी. सोडण्याआधी सगळ्यांच्या मागच्या पायांचे नाल काढून घे. चंदी रानात देऊच नकोस, ती ज्याची त्याला तबेल्यात. गवताचे ढीग जेवढी तोंडं त्याहून एक-दोन जास्त, आणि लांब लांब. सगळ्यांची पोटं भरलेली असताना, सकाळच्या उन्हात सोड. घोडीला दोरीने धरून 'ओळख' करून द्यायला उभी राहू नकोस; धरलेल्या घोडीला बाजूला होता येत नाही आणि लाथ तुला बसते. शिंगराच्या तोंडावर मोरकी नको, ती बल्लीत अडकते. तू आणि मोतद्दारकाका दोघांनी फाटकापाशी थांबायचं, हातात दोरी आणि चंदीची बादली. बाकी कुणी नको. फोटो काढणारी मंडळी तर मुळीच नकोत.

पहिल्यांदा जवळ आले की एक गोष्ट दिसेल, ती बघून हसू येतं. शिंगरू मान पुढे काढतं, ओठ मागे ओढतं आणि जबड्याची उघडझाप करत राहतं, जणू हवाच चघळतंय. दात दिसतात म्हणून लोकांना वाटतं चावायला आलं, आणि चापट मारतात. चावत नसतं ते. मोठ्यांसमोर पोरं असं करतात. 'मी लहान आहे, सांभाळून घ्या' असा त्याचा अर्थ लावतात. पण तेवढ्याने मार चुकतोच असं नाही, म्हणून तू पोराकडे कमी आणि मोठ्यांच्या कानांकडे जास्त बघ. तुझ्या मारवाडी घोडीचे कान टोकाला आत वळलेले, एरवी कमानीसारखे एकमेकांना टेकणारे. ते मागे मानेला चिकटले की दुरूनही कळतं. हुंगाहुंगी, एखादी किंकाळी, पुढचा पाय आपटणं, हे चालायचंच. एकदा हुसकावलं आणि सोडून दिलं, तेही चालतं. पण कुणी मान जमिनीलगत खाली घालून, कान पाडून शिंगराच्याच मागे लागला, किंवा आई आणि पोराच्या मधोमध घुसून त्यांना तोडायला लागला, तर थांबू नकोस. त्याला बाहेर काढ. शिंगराला नव्हे, त्याला.

गेल्डिंगची तुला भीती वाटतेय, ती अगदीच खोटी नाही. काही घोडे शिंगराला उचलून फेकतात, मानेला धरतात. पण तोच घोडा पुढे पोराचा सगळ्यांत आवडता मामा होतो, असंही पुष्कळदा दिसतं. घोड्या कंटाळून बाजूला होतात आणि हा मुकाट्याने आयाळ ओढून घेत उभा राहतो. मला खरी धाकधूक आहे ती गाढवाची. गाढवाला शिंगरू नाही आवडलं तर ते चावून धरतं, सोडत नाही. शिवाय गाढवाच्या अंगात फुफ्फुसातले जंत असू शकतात, त्याला काही होत नाही, पण घोड्यांना खोकला लागतो. त्याला आत्ता वेगळाच ठेव आणि त्याची लीद तपासून घे.

लिदीवरून आठवलं, शिंगरू आईची लीद खाताना दिसलं तर घाबरू नकोस, सगळीच खातात. रान मात्र रोज साफ करून घे. शिंगरांना होणाऱ्या मोठ्या गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. जंताचं औषध कधी आणि कोणतं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी, हे डॉक्टरांनाच विचार, दुकानदाराला नको. ग्लँडर्स रोगाचा अहवाल तू आणतानाच पाहिला होतास, त्यामुळे ती चिंता मिटली.

सोडल्यानंतरचे काही दिवस संध्याकाळी आईची कास हात लावून बघ. कास गच्च भरलीय, दूध ठिबकतंय, किंवा शिंगराच्या कपाळावर दूध वाळलंय, याचा अर्थ पोर पीत नाहीये किंवा कुणीतरी पिऊ देत नाहीये. लहान शिंगरू दर तासाला कितीतरी वेळा पितं. दुपारभर हुसकावलं गेलं तर रात्रीपर्यंत मलूल होतं. झोपतंही खूप, पाय पसरून, मेल्यासारखं. आई वर उभी असते तोवर ठीक. ती त्याला सोडून लांब चरायला गेली आणि बाकीचे त्याच्याभोवती जमले, तर लक्ष ठेव.

रात्री दोघांना आतच. तुझ्या जुन्नरच्या उसात बिबटे आहेत, हे मी तुला काय सांगायचं. वरून जाळी आणि दाराला आतबाहेर कडी.

आणि एक, पुढचं. पाच-सहा महिन्यांनी शिंगराचं दूध तोडायची वेळ येईल, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेव्हा ते काशीजवळ राहील, हे छान. पण त्याला बरोबरीचं कुणीतरी लागेल, आणि ते नर आहे हे विसरू नकोस. वर्षाचं व्हायच्या आसपास नराला माद्यांपासून वेगळं करावं लागतं. 'अजून लहान आहे' म्हणत राहतात आणि मग घोडी गाभण. जवळपास कुणाकडे यंदाचं शिंगरू आहे का, याची आतापासूनच चौकशी कर. श्रावणात शोधायला निघालीस तर जे मिळेल ते घ्यावं लागेल, आणि तुझ्याकडे एक गाढव ऑलरेडी आहे.