देवाच्या कामी अनेकांचे हात

पाठ : निर्गम ३५:२० ते ३६:७, १ इतिहास २५:१-८

ज्याचा गळा गोड त्याने गावे व बाकीच्यांनी ऐकावे, अशी रीत काही मंडळ्यांत पडून गेली आहे. पवित्र शास्त्र ह्याहून निराळा मार्ग दाखविते. वरील वचने घरी वाचून मग हा पाठ पाहावा.

१. देणगी देवाची, काम अनेकांचे. अरण्यात निवासमंडप उभारावयाचा होता तेव्हा देवाने यहूदा वंशातील बसालेल ह्यास नाव घेऊन बोलाविले व आपल्या आत्म्याने भरून त्यास नाना प्रकारची कारागिरी दिली. परंतु त्यास एकटे ठेविले नाही. दान वंशातील अहलियाब जोडीस दिला. स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत व बकऱ्यांचे केस कातले. लोक रोज सकाळी इतके आणू लागले की, आता पुरे, अशी दवंडी मोशेला छावणीत पिटवावी लागली. जिने सुताची एकच लड आणिली तिचाही हात त्या पडद्यांत होता.

२. जाणत्याने शिकवावे. त्या दोघांस देवाने शिकविण्याचीही बुद्धी दिली. दाविदाच्या काळी २८८ निपुण गाणारे होते. त्यांचे १२-१२ जणांचे २४ वर्ग झाले व चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरल्या. त्यांत लहानथोर किंवा गुरुशिष्य हा भेद राखिला नाही. म्हणून प्रचारकांनो, ज्यांस वाचता येत नाही त्यांस ध्रुपद तोंडपाठ करून द्या. एकाने चरण म्हणावा, सर्वांनी ध्रुपद उचलावे. मग म्हातारी आजीही गाणारी होते.

३. वाद्य कोणाचे? आपल्यांतील कित्येक बंधूंच्या घराण्यांत हलगी व संबळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गावाला त्यांचे वाद्य हवे असे, पण त्यांचे घर मात्र वेशीबाहेर असे. बाप्तिस्म्यानंतर काहींनी लाजेने ते आढ्याला टांगिले. मूर्तीपुढे वाजले म्हणून ते सदाचे अपवित्र झाले काय? इस्राएल लोकांनी सोने मिसरी लोकांकडून आणिले होते. त्यांच्या सोन्याच्या कुंडलांचे वासरू झाले आणि त्यांच्याच सोन्याने निवासमंडपही मढला. सोन्यात दोष नव्हता. ते कोणास वाहिले, हा प्रश्न होता. तेव्हा त्या बंधूस पेटीवाल्याच्या शेजारी मानाने बसवावे. त्याची कला नाकारून त्याला मात्र स्वीकारले असे म्हणता यावयाचे नाही.

४. आपल्या भाषेतील उदाहरण. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे काव्य हाती घेतले. १९१९ साली ते प्रभूकडे गेले तेव्हा १० अध्यायच झाले होते. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. त्या तर कधी शाळेत गेल्या नव्हत्या. एका हातातून पडलेले काम दुसऱ्या हाताने उचलिले.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
(१) आपल्या मंडळीत कोणाची देणगी पडून आहे? वाजविणारे, ओव्या रचणाऱ्या, सुतार, रांगोळी काढणाऱ्या, ह्या सर्वांची नावे घ्या.
(२) त्यांस आजवर कोणी बोलाविले का नाही?
(३) येत्या सणास प्रत्येकाकडे कोणते काम सोपवाल?

देव ज्याला नाव घेऊन बोलावितो, त्याला आपण दाराशी उभे ठेवू नये.