न ऐकू येणारे हुकूम

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा हे रानाच्या कुशीत वसलेले तालुक्याचे गाव. दिवस मावळला की रातकिड्यांची किरकिर सुरू होते आणि लहान लहान वटवाघळे किडे टिपण्यासाठी बाहेर पडतात. पाहणाऱ्यास वाटते, ती मुकाट्याने उडत आहेत. वस्तुतः ती सारखी ओरडत असतात. परंतु त्या ओरडण्याची कंप्रता इतकी उच्च असते की, माणसाच्या कानांना त्याचा पत्ताही लागत नाही. मोहाच्या फुलांवर येणारी मोठी वटवाघळे मात्र निराळी. ती डोळ्यांच्या व नाकाच्या भरवशावर वाट काढतात.

सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला ध्वनी माणसाला ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्रवणातीत ध्वनी. यंत्रांना मात्र ही मर्यादा नाही, आणि म्हणूनच माणसाने त्यांना अशा ध्वनीतून हुकूम देण्याची युक्ती काढली. रॉबर्ट ॲडलर या शास्त्रज्ञाने रचलेला दूरचित्रवाणीचा दूरनियंत्रक १९५६ साली अमेरिकेत विक्रीस आला. त्यात विजेचा घट नव्हता. कळ दाबली की एक चिमुकली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे, दांडीतून श्रवणातीत नाद निघे आणि संचावरील कार्यक्रम बदले.

पुढे ब्रिटनमध्ये नभोवाणीवरूनच हुकूम सुटू लागले. बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झच्या दीर्घ लहरीवर बातम्या चालू असता, ध्वनी वाहून नेणाऱ्या त्या लहरीतच अत्यल्प फेरफार करून संकेत मिसळले जात. श्रोत्यांना त्याचा मागमूस नसे. पण घरोघरचे वीजमापक ते ओळखीत आणि स्वस्त दराची वेळ होताच पाणी तापविण्याची यंत्रे सुरू करीत. १९८० च्या दशकात सुरू झालेली ही सेवा २०२५ च्या जूनअखेरीपासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

महाराष्ट्रात अशा गुप्त संकेताचे उदाहरण मुंबईतील ‘बार्क’ या संस्थेच्या कामात सापडते. कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात, याची मोजदाद ती २०१५ पासून करीत आहे. नोट उजेडात धरली असता जसे जलचिन्ह दिसते, तसे एक चिन्ह वाहिनीच्या आवाजात मिसळलेले असते. मोठ्या आवाजाच्या आड ते दडून राहते. निवडलेल्या घरांतील मापकयंत्र ते टिपते व वाहिनीची नोंद करते. हे यंत्र त्या घराच्या संमतीने बसविलेले असते, ही गोष्ट महत्त्वाची. कारण पुढची हकिकत या संमतीपाशीच अडते.

‘सिल्व्हरपुश’ या भारतीय कंपनीने जाहिरातीच्या आवाजात श्रवणातीत खुणा मिसळण्याची कल्पना काढली. खिशातील फोनमधील एखादे ॲप कान देऊन राहावे, ती खूण ऐकावी आणि फोनच्या धन्याने कोणती जाहिरात पाहिली ते कळवावे, असा हा बेत होता. धन्यास याची वार्ताही नसावी, हा त्यातला खरा दोष. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असा भाग आपल्या ॲपमध्ये घालणाऱ्या १२ निर्मात्यांना ताकीद दिली. २०१७ साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील संशोधकांना अशी २३४ ॲप्स आढळली. नवल असे की, सात देशांतील दूरचित्रवाणीच्या आवाजात त्यांनी शोधूनही ती खूण मिळाली नाही. कान तयार होते, हाक मात्र सापडली नाही.

त्याच वर्षी चीनमधील चजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी तर श्रवणातीत ध्वनीतून शब्दच धाडले. जवळ बसलेल्या माणसाला काहीच ऐकू आले नाही. फोनने मात्र तो हुकूम ऐकला आणि पाळला.

अलीकडच्या पुष्कळ फोनांत मायक्रोफोन चालू होताच पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा किंवा नारिंगी ठिपका उमटतो, आणि ॲपला दिलेली परवानगी केव्हाही काढून घेता येते. आणखी एक गंमत अशी की, जाहिरातींसाठी योजलेल्या या खुणा बहुधा १८,००० ते २०,००० कंपनांच्या असतात. वयोमानाने माणसाच्या श्रवणाची वरची सीमा खाली येते. त्यामुळे तशी बारीक शीळ उमटलीच, तर ती आजोबांना ऐकू येणार नाही. दहा-बारा वर्षांच्या नातवाला कदाचित येईल.