अपुरे चित्र

स्कॉटलंड हा ब्रिटनच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलूख. तेथील बेन नेव्हिस हे ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर १३४५ मीटर उंच आहे. हिवाळ्यात ते बर्फाने झाकून जाते. डिसेंबरात तेथे सूर्य नवाच्या सुमारास उगवतो आणि चार वाजण्यापूर्वीच मावळतो.

अशा दिवसांतही काही चित्रकार डोंगर चढतात. त्यांच्या बुटांना पोलादी काटे, हाती बर्फात रोवण्याची कुऱ्हाड आणि पाठीवरील पिशवीत नकाशा, होकायंत्र व रंग असतात. थंडीने जलरंग कागदावरच गोठतो. बोटे बधिर होतात. म्हणून ते पेन्सिलीने भराभर रेखाटन करतात, रंगांची नावे टिपून घेतात आणि चित्र घरी येऊन रंगवतात.

बर्फ पांढरा, असे आपण सहज म्हणतो. चित्रकाराला तो तसा दिसत नाही. कलत्या उन्हात तो गुलाबी भासतो; सावलीत निळा, कारण सावलीवर मुख्यतः निळ्या आकाशाचाच उजेड पडत असतो.

परंतु कधी कधी अचानक ढग उतरतो. आकाश आणि भूमी एकरूप होऊन जातात. शिखराच्या उत्तरेस खोल कडे आहेत. वाऱ्याने साचलेला बर्फ कड्याबाहेर सज्जासारखा पुढे येतो. त्याच्याखाली आधार नसतो. त्यावर पाऊल पडले, तर प्राणाशीच गाठ! म्हणून जाणता चित्रकार ढग खाली येऊ लागताच वही मिटतो आणि माघारी वळतो.

मुलांनो, ही माघार भित्रेपणाची नव्हे. अपुरे चित्र पुन्हा पुरे करता येते. त्यासाठी चित्रकार मात्र सुखरूप घरी पोचावा लागतो.