गरजू रुग्ण आणि वैद्यकीय साहाय्याच्या योजना : पुणे शहराच्या संदर्भात

पैसे नाहीत या कारणाने देशातील कोणाही व्यक्तीस योग्य उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात मांडले. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा आणि त्यांचे शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालेले. त्या अहवालानंतरच्या काळात केंद्र शासन, राज्य शासन, महापालिका आणि न्यायालये यांच्या प्रयत्नांतून गरजू रुग्णांसाठी अनेक योजना आकारास आल्या. गंभीर आजार झालेल्या गरीब माणसास आज कोणताच आधार नाही, असे म्हणता येणार नाही.

तथापि योजना अस्तित्वात असणे आणि ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येक योजनेचे खाते वेगळे, कागद वेगळे आणि अर्ज करण्याची वेळही वेगळी. घरातील कर्ता माणूस अचानक आजारी पडतो तेव्हा नातेवाईक आधी उसनवारी करतात, दागिना गहाण टाकतात, बिल भागवतात. आणि मग कोणीतरी सांगते की, हे उपचार विनामूल्य झाले असते. त्या वेळी उशीर झालेला असतो, कारण यांतील बहुतेक योजनांचे साहाय्य थेट रुग्णालयास मिळते आणि एकदा भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून योजनांच्या नावांइतकीच त्यांची वेळ आणि क्रमही समजून घेणे अगत्याचे आहे. पुण्यात उपचारांसाठी सोलापूर, सातारा, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातूनही रुग्ण येतात. त्यामुळे पुढील माहिती शहराबाहेरील पंचायत सदस्यांना व शिक्षकांनाही उपयोगी पडावी.

सार्वजनिक रुग्णालये

पहिला आधार सार्वजनिक रुग्णालयाचा. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि १८६७ पासून चालू असलेले ससून सर्वोपचार रुग्णालय, औंध येथील जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे मंगळवार पेठेतील कमला नेहरू रुग्णालय, साथीच्या रोगांसाठीचे डॉ. नायडू रुग्णालय आणि वस्तीवस्तीतील दवाखाने व प्रसूतिगृहे, असा हा विस्तार आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार सर्वांना निःशुल्क करण्यात आले. औंधचे जिल्हा रुग्णालय, तसेच तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे या निर्णयात येतात. ससून मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे आणि तेथील शुल्काचे नियम वेगळे आहेत. तेथे अडचण आल्यास रुग्णाने समाजसेवा अधीक्षकांस भेटावे. निराधार किंवा अत्यंत गरीब रुग्णास शुल्कात सवलत मिळवून देणे आणि त्याला योग्य योजनेकडे वळवणे, हे या अधिकाऱ्यांचे कामच आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना

खर्चिक शस्त्रक्रियांसाठी राज्याने १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांकरिता जीवनदायी योजना सुरू केली होती. तिचे विस्तारित रूप म्हणून २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पुण्यासह संपूर्ण राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या नावाचे पुण्याच्या आरोग्याच्या इतिहासाशी नाते आहे. ज्योतिरावांच्या पत्नी सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या परिसरात रुग्णांची सेवा करीत असताना स्वतः प्लेगला बळी पडल्या.

केंद्र शासनाची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. राज्यात या दोन्ही योजना एकत्रितपणे राबवल्या जातात. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने व त्याच्या १ जुलै २०२४ पासूनच्या अंमलबजावणीने तीन महत्त्वाचे बदल झाले. प्रत्येक कुटुंबास मिळणारे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपये झाले. उपचारांची संख्या १,३५६ झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांबरोबर शुभ्र शिधापत्रिका असलेली कुटुंबेही योजनेत आली. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा साडेचार लाख रुपये आणि रस्ते अपघातातील जखमींसाठीची मर्यादा १ लाख रुपये करण्यात आली. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले.

योजनेची कार्यपद्धती साधी आहे. योजनेत समाविष्ट असलेल्या, म्हणजेच अंगीकृत, रुग्णालयात एक कक्ष असतो व तेथे आरोग्यमित्र बसतात. रुग्णाने शिधापत्रिका आणि आधार कार्डासारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र त्यांच्याकडे न्यावे. आरोग्यमित्र नोंदणी करतात, रुग्णालय तपासण्यांचे अहवाल पाठवून पूर्वपरवानगी मागते आणि ती मिळताच उपचार होतात. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरूनही मंजुरी घेता येते. शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रुग्णाचे भोजन आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे यांचा योजनेत समावेश आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शहरातील प्रत्येक रुग्णालय अंगीकृत नसते, अंगीकृत रुग्णालयातही प्रत्येक उपचार उपलब्ध असतोच असे नाही, आणि केवळ बाह्यरुग्ण तपासणी योजनेत येत नाही. म्हणून रुग्णास हलवण्यापूर्वी १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करावी. पात्र रुग्णाकडे पैशाची मागणी झाल्यास त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा

पुण्यातील अनेक मोठी खाजगी रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त संस्थांमार्फत चालवली जातात. त्यांना लाभलेल्या सवलतींच्या बदल्यात गरिबांवर उपचार करण्याचे बंधन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये त्यांच्यावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये एका जनहित याचिकेत यासाठी निश्चित योजना घालून दिली व ती १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आली.

या योजनेनुसार एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्याकरिता रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. आरंभी निर्धन रुग्णासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २५ हजार व दुर्बल घटकासाठी ५० हजार रुपये होती. ती वेळोवेळी वाढत जाऊन अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये झाली आहे. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील असल्याचे कार्ड चालते. अर्ज रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे करावा. खाट नाकारली गेल्यास पुण्याच्या सह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

या योजनेतील सर्वांत मोलाची तरतूद तातडीच्या रुग्णाविषयी आहे. अशा रुग्णास रुग्णालयाने तत्काळ दाखल करून घ्यावे, अनामत रक्कम मागू नये, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत आणि आवश्यक असल्यास सार्वजनिक रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करावी, असे तिच्यात स्पष्टपणे म्हटले आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्यात एका गर्भवती महिलेचा मृत्यू झाल्यानंतर अनामत रकमेचा प्रश्न साऱ्या राज्यात चर्चिला गेला. ही तरतूद त्यापूर्वी अठरा वर्षांहून अधिक काळ लिखित स्वरूपात होती. पण ती ठाऊक असलेली माणसे फार थोडी होती.

इतर साहाय्य

महापालिका हद्दीतील अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांसाठी पुणे महानगरपालिकेची शहरी गरीब वैद्यकीय साहाय्य योजना आहे. कुटुंबास सभासद कार्ड मिळते आणि रुग्णालयाच्या बिलाचा ठरावीक भाग महापालिका भरते. येथे शहरातील रहिवासाचा पुरावा लागतो. फुले योजनेचे तसे नाही. गावच्या शिधापत्रिकेवरही पुण्यात उपचार मिळतात, कारण ती संपूर्ण राज्याची योजना आहे.

राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली. विमाधारक कामगार व त्याचे कुटुंबीय यांना बिबवेवाडी व चिंचवड येथील रुग्णालयांचा लाभ घेता येतो. जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, आहार आणि घरापासून जाण्यायेण्याची वाहनव्यवस्था विनामूल्य असते. क्षयरुग्णास उपचारकाळात पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली. कोणत्याही योजनेत न बसणाऱ्या रुग्णासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. मात्र तोही अर्ज रुग्ण रुग्णालयात असतानाच करावा लागतो.

एक उदाहरण

समजा, लातूर जिल्ह्यातून आलेला एक बांधकाम मजूर वाघोलीस राहतो व एके रात्री त्याच्या छातीत कळा येऊ लागतात. सोबत्यांनी प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यात जानेवारी २०१४ पासून विनामूल्य चालू आहे. रुग्ण दाखल होताच एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दुसऱ्याने आरोग्यमित्राचा कक्ष गाठावा. शिधापत्रिका गावी असेल तर घरच्यांकडून तिचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर मागवून घ्यावे, म्हणजे किमान क्रमांक हाती येतो; मूळ पत्रिका मागाहून आणता येईल. रुग्णालय अंगीकृत नसेल, तर ते धर्मादाय आहे काय हे विचारावे व समाजसेवकास भेटावे. तेही नसेल, तर प्राथमिक उपचारांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ससूनला किंवा अंगीकृत रुग्णालयात हलवावे. या सर्व हालचाली पहिल्या काही तासांत व्हावयास हव्यात. आठ दिवसांनी, बिल हाती पडल्यावर सुरू केलेली धावपळ बहुधा व्यर्थ जाते.

या उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे गावच्या शिधापत्रिकेवर त्या मजुराचे नाव आहे. ते नसेल तर पुढील सारे अडते. लग्न होऊन आलेली सून, विभक्त झालेला भाऊ, नवजात बालक, यांची नावे वर्षानुवर्षे चढवली जात नाहीत. आधार कार्डावरील व शिधापत्रिकेवरील नावांत फरक राहतो. निरोगी घरात ही त्रुटी कोणाच्या लक्षात येत नाही आणि आजाराच्या दिवशी ती दुरुस्त करण्यास वेळ नसतो.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

यास्तव अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचे खरे काम आजारापूर्वीचे आहे. ते पुढीलप्रमाणे करता येईल.

१. वर्षातून एकदा प्रत्येक कुटुंबाची शिधापत्रिका पाहून वगळलेली नावे नोंदवून घ्यावीत. गावात तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आणि पुणे शहरात अन्नधान्य वितरणाच्या परिमंडळ कार्यालयात ही दुरुस्ती होते.

२. आशा कार्यकर्तीच्या मदतीने आयुष्मान कार्डे काढावीत. ७० वर्षांवरील वृद्धांपासून आरंभ करावा.

३. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपण्यापूर्वी नवा दाखला काढण्याची आठवण द्यावी.

४. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येऊन गेले की, पुढील तपासणीसाठी शिफारस झालेल्या मुलांची यादी शिक्षकांनी पालकांच्या हाती द्यावी आणि मूल खरोखर रुग्णालयात गेले किंवा नाही, याची महिन्याभरात चौकशी करावी. हृदयदोषासारख्या व्याधींवरील शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून विनामूल्य होतात.

५. ग्रामपंचायत, शाळा व रेशन दुकान येथे १०८ व १५५३८८ हे क्रमांक आणि जवळच्या अंगीकृत रुग्णालयांची नावे ठळक अक्षरांत लावावीत. रुग्णालयांच्या यादीत बदल होत असल्याने ती अधूनमधून ताडून पाहावी.

६. रुग्ण पुण्यास पाठवताना त्याच्याबरोबर लिहिता-वाचता येणारी एक व्यक्ती आणि कागदपत्रांच्या दोन प्रती द्याव्यात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू व आसपासच्या गावांत आरोग्यसेवेचे जे काम उभे केले, त्यात गावच्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केले होते. रुग्णालय कितीही सुसज्ज असले तरी त्याच्या दारापर्यंत रुग्णाला आणणारे विश्वासाचे माणूस गावात असावे लागते, हा त्या कामाचा धडा होता. आजच्या योजनांनाही तो तितकाच लागू आहे. शासनाने निधीची तरतूद केली आणि न्यायालयाने खाटा राखून ठेवल्या. त्या खाटेपर्यंतचा अखेरचा टप्पा, गावातील शिक्षकाने वेळीच पाहिलेल्या शिधापत्रिकेवर आणि पंचायत सदस्याने वेळीच सांगितलेल्या चार शब्दांवर अवलंबून आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घेतला गेला, तर त्या गावातील एखाद्या घराची जमीन तरी सावकाराकडे जाण्यापासून वाचेल.