आपोआप चालणारे यंत्र का चालत नाही?

इंधन नको, वीज नको, बैल नको, माणूसही नको; एकदा धक्का दिला की कायम फिरत राहील आणि वर कामही करून देईल, अशा यंत्राचे स्वप्न माणूस शेकडो वर्षे पाहत आला आहे. यालाच शाश्वत गतियंत्र म्हणतात. आजही ‘फुकट वीज’ देणारे यंत्र विकायला निघालेले लोक भेटतात आणि त्यात कष्टाचा पैसा घालवून बसलेलेही भेटतात. विद्यार्थी मित्रांनी व सभासद बंधुभगिनींनी यामागचे विज्ञान समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत खातेवह्या लिहिणारे. तेव्हा सूत्रांऐवजी जमाखर्चाच्या भाषेतच सांगतो.

थोर गणिती भास्कराचार्य यांनी इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथात असे एक चाक वर्णिले आहे. हलक्या लाकडाचे चाक, त्याला पोकळ आरे आणि ते आरे पाऱ्याने अर्धे भरलेले. पारा एका बाजूला कडेकडे धावेल, दुसऱ्या बाजूला आसाकडे सरकेल, मग कडेचे वजन जास्त जोर लावील आणि चाक फिरतच राहील, अशी ही कल्पना. पुढे युरोपातही कित्येकांनी पाऱ्याऐवजी गोळे व हातोड्या लावून असेच चाक करून पाहिले. एकही चालले नाही.

कारण साधे आहे. एका फेऱ्यात पाऱ्याचा प्रत्येक थेंब जितका खाली उतरतो, तितकेच त्याला पुन्हा वर चढावे लागते. उतरताना जे मिळाले ते चढताना खर्च झाले, शिल्लक शून्य. त्यात आसाचे घर्षण आणि हवेचा अडथळा हा खर्च चालूच. नवी जमा नाही आणि खर्च थांबत नाही, असे खाते किती दिवस चालणार? पहिल्या धक्क्याची ठेव संपली की चाक थांबते.

कोणी विचारील, घर्षण अजिबात काढून टाकले तर? तर चाक नुसते फिरेल. त्याच्याकडून पाणी उपसायचे किंवा दळण दळायचे म्हटले की ठेव मोडावी लागणारच. फिरणे वेगळे आणि काम देणे वेगळे. पृथ्वी कोट्यवधी वर्षे स्वतःभोवती फिरत आहे, पण भरती-ओहोटीपायी तिचाही वेग अतिशय सावकाश का होईना, कमी होत आहे.

हा नुसता तर्क नव्हे. इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात, खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यात वल्ही फिरवून पाणी किती तापते ते मोजले. ठरावीक कामाला ठरावीकच उष्णता मिळाली. १८४७ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी हा नियम व्यापक स्वरूपात मांडला. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही. फक्त या खात्यातून त्या खात्यात जाते.

मोटारीने डायनॅमो फिरवायचा आणि त्याच विजेवर मोटार चालवायची, ही युक्तीही याच नियमापुढे हरते. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड होते, हा अनुभव अनेकांना असेल. दिव्याचा उजेड आपल्याच पायांतून वसूल होतो. एक युनिट वीज म्हणजे किती काम? १०० किलोचे ओझे १० मीटर उंच, तेही सुमारे ३६७ वेळा चढवण्याइतके! एवढे काम कोणीतरी केल्याशिवाय वीज येत नाही. पवनचक्की आणि सौरपट्टी इंधनाशिवाय चालतात खऱ्या, पण त्यांची जमा सूर्याकडून येते.

मग प्रदर्शनात अशी यंत्रे चालताना कशी दिसतात? १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रेडहेफर पैसे घेऊन असे यंत्र दाखवत असे. आगबोटीसाठी प्रसिद्ध असलेले रॉबर्ट फुल्टन ते पाहायला गेले. यंत्राची लय एकसारखी नाही, हे त्यांच्या कानाने टिपले. त्यांनी शेजारच्या फळ्या काढल्या, तेव्हा आत तातीचा पट्टा सापडला. त्याचा माग काढत गेले, तो माळ्यावर एक म्हातारा हाताने दांडा फिरवत बसलेला! फुकटच्या यंत्राचा खर्च तो बिचारा भरत होता.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणे बंद केले. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसारही, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, असे यंत्र कोणी दाखवले तर दिपून जाऊ नका. आत किती जाते, बाहेर किती येते आणि आत जाणारे कोठून येते, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत खिशातला पैसा खिशातच ठेवा. निसर्गाच्या खातेवहीत उधारी नाही आणि फुकट जमाही नाही.